हजेरीची भावकी

मी मास्तर झालो तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि माझा सदराही नवा होता. राज्याचं मला फारसं कळत नव्हतं. सदऱ्याचं कळत होतं, कारण तो इस्त्रीशिवाय घालून गेलं की मोठे गुरुजी नाक मुरडत. शाळा सोनाळ्याच्या पलीकडं, सातपुड्याच्या अंगाला होती. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या पाटलाची नातवंडं आता शिकलीसवरली आहेत, आणि वाचतातही म्हणे. मी मूळचा चिखलीकडचा, उंद्रीचा. आमच्या आणि त्यांच्या बोलण्यात अर्ध्या जिल्ह्याचं अंतर, त्यामुळं पहिले सहा महिने त्या गावानं मला जालन्याकडचा पाहुणा समजून वागवलं.

मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. दोन मास्तरांच्या शाळेत मुख्य कोण हे खरं तर सांगावं लागू नये, पण ते दिवसातून चारदा सांगत. त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं: शाळेच्या कामकाजात शक्य तिथं शुद्ध मराठी शब्द वापरावेत. मोठ्या गुरुजींना ते सगळीकडंच शक्य वाटलं. अरबी-फारसी शब्द गावाबाहेर काढण्याचा त्यांनी विडा उचलला आणि पहिली धाड हजेरीवर पडली. पोरांनी 'हजर' म्हणायचं नाही, 'उपस्थित' म्हणायचं. पहिलीतल्या पोरांच्या तोंडात तो शब्द मावेना. कुणी 'उपतीत' म्हणे, कुणी सरळ 'उपाशी'. त्यातली निम्मी खरोखर उपाशीच येत, तेव्हा ती खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही.

मला या शुद्धीचं कौतुक नव्हतं. शुद्ध-अशुद्धचं प्रकरण आमच्या घरानं पिढ्यान् पिढ्या पुरेसं पाहिलं होतं, आणि धम्म घेऊन ते एकदाचं झटकून टाकलं होतं. आता शब्दांनाही विटाळ होतो हे ऐकून मला हसू आलं. हसू आलं ते मोठ्या गुरुजींनी पाहिलं, आणि तिथून आमचं बिनसलं.

जळगाव जामोदची मोटार जिथं थांबायची तिथल्या हॉटेलात मी संध्याकाळी चहाला जायचो. तिथं उर्दू शाळेचे निवृत्त मास्तर बसलेले असत. सगळा गाव त्यांना मुनशीजी म्हणायचा. वरचे दात गेलेले, खालचे चहात भिजवलेल्या खारीपुरते उरलेले. त्यांनी मला बसायला जागा केली आणि विचारलं, "तुमच्या मोठ्या गुरुजीनं हजरले काढून टाकलं म्हणे?"

"हो."

"एकट्यालेच? त्याच्या भावकीचं काय करून राह्यले मंग?"

मला काही उमगलं नाही. मुनशीजींनी बशी बाजूला सारली, टेबलावरच्या सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि फळीवर तीन वळणं काढली. "बडी हे, ज्वाद, रे. अरबीत शब्द एकटा नसते गुरुजी. तीन अक्षरांचं एक बी असते, अन् त्याच्यातून सारं खानदान निंगते. हे बी म्हंजे, समोर असणं."

मग ते सुटले. समोर असतो तो हजर. समोर आहे की नाही ते बघायचं ती हजेरी. ज्याच्या समोर आपण उभं राहतो तो हुजूर. पीर-पैगंबरांच्या नावाआधी लावायचं ते हजरत, आणि बिडी ओढताना सापडलेल्या पोराला 'या हजरत' म्हणतो तेही तेच. पंचांच्या समोर लिहून सही-अंगठे घ्यायचे तो महजर. त्यांचे मामू इंग्रजाच्या काळात डाकबंगल्यावर खानसामा होते, तिथं साहेब सकाळी अंथरुणातच जो चहा घ्यायचा त्याला छोटी हाजरी म्हणत आणि नंतर अंडी खायचा त्याला बडी. म्हणजे आम्ही रोज हजेरी देत होतो आणि साहेब रोज ती खात होता. बैल चोरीला गेला की मांत्रिक पोराच्या अंगठ्याच्या नखावर काजळ लावून भुतं बोलावतो ती हाजिरात. "आता भुताले उपस्थित म्हणून बोलावून पाहा म्हणा तुमच्या मोठ्या गुरुजीले," मुनशीजी म्हणाले. "येते का पाहू."

मी विचारलं, "आणि हुजऱ्या?"

"तो तुमच्या मराठी लोकायनं घरीच बनवला. हुजुराच्या मांगं उभा राहते तो हुजऱ्या."

मी चहा खाली ठेवला. माझ्या वडिलांनी तरुणपणी गावकी केली होती. साहेब मुक्कामाला आला की चावडीपुढं दिवसभर उभं राहायचं, हाक आली की 'हाजिर हाय' म्हणायचं, आणि हाक नाही आली तरी उभंच राहायचं. खुर्चीत बसलेला हुजूर आणि दारात उभा असलेला माझा बाप एकाच पोटचे निघाले. मला रागही आला आणि गंमतही वाटली. त्या भावकीत वाटणी मात्र फारच वाईट झालेली दिसत होती.

"अजून एक राह्यला," मुनशीजी म्हणाले. "अरबस्तानात जो गाव धरून राहते, घर बांधते, त्यालेबी हजरच म्हणतात. अन् तंबू घेऊन हिंडते तो बद्दू. जुन्या किताबात सफर अन् हजर अशी जोडीच असते. एक चालणारा, एक बसणारा."

"आपल्याकडं बद्दू कुठं आहेत?"

"नाल्याच्या पलीकडं पाहा की."

नाल्याच्या पलीकडं फासेपारध्यांचा बेडा होता. दहाबारा झोपड्या, त्याच्यापेक्षा जास्त कुत्री. गाव त्यांच्याकडून तितर-लावे विकत घ्यायचा आणि घरातली वाटी हरवली तरी त्यांचंच नाव घ्यायचा. त्या बेड्यावरून पटावर एकही पोर नव्हतं. मोठ्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांच्यात शिक्षणाविषयी अनास्था आहे." एवढ्या शुद्ध मराठीत सांगितल्यावर पुढं विचारायची सोय नसते.

त्या अनास्थेतली एक पोरगी दिवाळीनंतर एका सकाळी आपण होऊन शाळेत आली. आठनऊ वर्षांची असेल. शेवटच्या ओळीत जाऊन बसली, शेजारणीची पाटी ओढून घेतली आणि मला म्हणाली, "मले बी लिहाचं हाय." विनंती नव्हती ती, बातमी होती. मी तिला पाटीवर 'ग' काढून दिला. दुपारपर्यंत तिनं पाटीभर ग काढले आणि शेजारणीचा एकही शब्द ऐकून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेत असताना तिचा आजा दारात आला. काटकूळ म्हातारा, डोक्याला मळकं फडकं. तो पोरीवर ओरडला नाही. तिच्या मनगटाला धरून उठवलं, आणि निघताना माझ्या टेबलावरच्या हजेरीपटाला दोन्ही हात जोडले. मला नाही, पटाला. पोरगी दारापर्यंत मागं वळून पाटीकडं बघत गेली.

त्याच संध्याकाळी मी बेड्यावर गेलो. मी मोठा दयाळू होतो म्हणून नाही. मोठ्या गुरुजींची अनास्था खोटी पाडायची मला खुमखुमी होती. कुत्र्यांनी माझं स्वागत केलं, म्हाताऱ्यानं त्यांना हाकललं आणि बसायला गोणपाट टाकलं.

"बाबा, पोरीला का नेलं? चांगली हुशार आहे."

"हुशार हाय म्हणूनच नेली."

"म्हणजे?"

"तुमी बुकात नाव लिहता. मंग रोज पुकारता. आमचं बी लिहलं होतं गुरुजी. पोलिसाच्या बुकात. जातीत जलमलं म्हंजे चोर, असा कायदाच होता. रोज सकाळी अन् दिवस मावळता पाटलाच्या ओट्यापुढं उभं राहाचं. नाव पुकारलं की हाजिर म्हणाचं. बाजारले जायचं तरी अंगठा देऊन चिठ्ठी घ्याची. नाही दिसला एखाद्या दिशी, तं शिपाई येऊन फोडून काढे, अन् मंग वर कोर्टात चलान."

"तो कायदा कधीच उठला बाबा."

"उठला. पाटलानं दोन वर्सं सांगतलं नाही. हजेरी झाली की आमच्याकून लाकडं फोडून घे ना तो. जळगावच्या बाजारात एका वकिलाच्या कारकुनानं सांगतलं, तवा समजलं."

त्याची सून आतून म्हणाली, "सांगा ना, अजून काय करता ते."

म्हातारा जरा ओशाळला. मग म्हणाला की परगावी जायचं असलं की तो अजूनही आधी पाटलाच्या घरापुढं जातो. तो पाटील मेला. त्याचा लेक दात घासत बाहेर येतो आणि 'काऊन बे, काय पाह्यजे?' म्हणतो. म्हातारा 'काही नाही, हाजिर हाय' एवढं सांगून वाटेला लागतो. पाटलाच्या लेकाला वाटतं म्हातारा भ्रमिष्ट आहे.

"पण कशाला जाता?"

"बुक कुठं गेलं ते कोणाले माईत हाय?" तो म्हणाला. "लिहलेलं पुसत नाही ना."

एरवी मी फार हजरजबाबी म्हणून नावाजलेला होतो, पण त्या संध्याकाळी गोणपाटाचे धागे उपसत बसलो. शेवटी आमचा सौदा ठरला. पोरगी शाळेत बसेल, शिकेल, पण तिचं नाव बुकात लिहायचं नाही आणि पुकारायचं नाही. मी कबूल झालो. मोठ्या गुरुजींना सांगितलं की ती भावंडांबरोबर आली आहे, आणि तिला भावंडं आहेत तरी का हे त्यांनी कधी विचारलं नाही.

चार महिने ती अशी बसली. नाव नसलेली, आणि वर्गात सगळ्यात पुढं. सकाळी हजेरी चालू झाली की ती मुद्दाम भिंतीकडं तोंड करायची. हजेरी संपली की वळायची आणि पहिलं गणित तीच सोडवायची.

मग शाळातपासणी आली. तपासणीला येणाऱ्या साहेबाला गाव डिपोटी म्हणायचा, पद कुठलंही असो. मोठ्या गुरुजींनी आठ दिवस आधी भिंती सारवून घेतल्या, फळ्यावर सुविचार लिहिला, पोरांची नखं कापली. डिपोटी साहेबांनी पट हातात घेतला, नावं पुकारली, पोरं उठून 'उपस्थित साहेब' म्हणाली. साहेबांनी मग डोकी मोजली. पुन्हा मोजली. चष्मा काढून तिसऱ्यांदा मोजली.

"पटावर एकतीस. वर्गात बत्तीस?"

मोठ्या गुरुजींची पाचावर धारण बसली. सगळ्या जिल्ह्यात पटावर नावं जास्त आणि वर्गात डोकी कमी, अशीच रीत होती. ती कशी भरून काढायची, साहेबांनी ती कशी न बघितल्यासारखी करायची, जेवणात काय असावं, हे सगळं ठरलेलं होतं. पण डोकंच जास्त निघाल्यावर काय करायचं हे कुणाला शिकवलंच नव्हतं. साहेब पोट सावरत उभे राहिले. "पट दाबून ठेवता काय तुम्ही? कशासाठी? ही मुलगी कोण?"

मी सांगितलं, "पारध्यांची आहे साहेब. नाव न लिहिता बसते."

"नाव न लिहिता कशी बसते?"

"मांडी घालून."

हे मी बोलायला नको होतं. साहेबांनी तिथंच माझी अशी हजेरी घेतली की मुनशीजींच्या खानदानातला हा एक अर्थ मला तोवर नीट कळलाच नव्हता असं वाटलं. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, आणि मुलीला पटावर घ्यायचं किंवा वर्गातून काढायचं. नाव नसेल तर तिला परीक्षेला बसता येणार नाही, आणि दाखला तर कधीच मिळणार नाही. मोठ्या गुरुजींनी रात्ररात्र जागून खुलासा लिहिला. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: 'सदर बालिका उपस्थित नसून अनुपस्थितही नाही.' ब्रह्माचं वर्णन असावं तसं होतं ते. साहेबांच्या कचेरीतून तो खुलासा तसाच परत आला.

आता खेळ उरला नव्हता. पोरगी चौथीपर्यंत दोन वर्षांत पोचेल असं मला दिसत होतं, आणि नाव लिहिलं तर आजा नेणार, नाही लिहिलं तर साहेब काढणार, दोन्हीकडून ती परत नाल्यापलीकडं जाणार होती. मी बेड्यावर गेलो, आणि जाताना कपाटातलं दुसरं एक बुक काखेत मारून घेतलं.

"बाबा, हे बघा. हे पोरांचं नाही. हे मास्तरांचं."

म्हाताऱ्यानं बुक हातात घेतलं नाही, लांबूनच बघितलं. "मास्तरायचं काय?"

"हजेरी. ही माझी सही. रोज करावी लागते. उशीर झाला तर मोठे गुरुजी लाल रेघ ओढतात."

"तुमचीबी होते हजेरी?"

"होते."

"अन् मोठ्या गुरुजीची?"

"त्यांची डिपोटी घेतो."

"डिपोटीची?"

"त्याचा साहेब घेत असेल बुलढाण्याला."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि मग हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. सुनेनं पाणी आणून दिलं तर ते त्याच्या नाकात गेलं. "म्हंजे सारंच गाव आमच्या जातीत आलं म्हणा की," तो म्हणाला, आणि डोळे पुसून पुढं म्हणाला, "लिहा मंग."

मी पोरीचं नाव लिहिलं. बत्तिसावं. पहिल्या दिवशी पुकारलं तेव्हा ती उठली आणि एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मोठ्या गुरुजींच्या वर्गातही ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी नाव पुकारलं आणि शेवटच्या ओळीत कुणीच उठलं नाही.

मी दोनदा पुकारलं. मग लाल शाईनं रकान्यात गैरहजरचा 'गै' काढला. मोठ्या गुरुजींच्या हुकमाप्रमाणं अनुपस्थितचा 'अ' काढायचा होता, पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बेडा उठून गेला असणार असं मी धरून चाललो. माझ्याच नादानं तिचं नाव बुकात गेलं, आणि बुकाच्या भीतीनं ते लोक रातोरात डोंगर ओलांडून गेले असतील. दिवसभर मी पोरांवर विनाकारण खेकसलो. शाळा सुटल्यावर बेड्यावर जाऊन बघायचा धीर मला झाला नाही. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी घरी जाऊन झोपलो.

चौथ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच म्हातारा शाळेच्या पायरीशी उभा होता. पोरीचा हात त्याच्या हातात होता. त्यानं हात सोडला तशी ती आत पळाली आणि शेजारणीशी पाटीवरून भांडायला लागली.

"काल नवती ते," म्हातारा म्हणाला.

"हो. आजारी होती का?"

"नाही. मीच नाही धाडली. गठुडं बांधून दिवसभर वाटेवर बसलो. म्हटलं, पाहू, कोन येते."

"कोण आलं?"

"कोनीच नाही आलं." हे त्यानं मला तक्रार केल्यासारखं सांगितलं. "तुमी लिहलं होतं का पर? का लिहाचं राह्यलं?"

"लिहिलं होतं."

"काय?"

"गैरहजर."

"मंग?"

"मग काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही बाबा. पोर आहे. एखाद्या दिवशी येत नाही."

त्यानं पट बघायला मागितला. मी आतून आणला आणि पायरीवरच उघडून बत्तिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. दोन काळ्या खुणा आणि पुढं लाल शाईतला गै. त्याला वाचता येत नव्हतं, पण लाल कुठलं ते दिसत होतं. तो खाली बसला, आपला उजवा अंगठा त्या लाल अक्षराशेजारी टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"तीस वर्सं दिली मी हजेरी," तो म्हणाला. "माह्या नावापुढं असं एकबी नसंल. हिची आजी गेली ना, त्या सांजचं बी हाजिरच हाय. ते इकडं झोपडीत जीव सोडून राह्यली होती, अन् मी तिकडं ओट्यापुढं नाव कवा येते त्याची वाट पाहून राह्यलो होतो. माहं नाव लई खाली होतं."

आत पोरं हजेरीसाठी ओळी करून उभी होती. म्हाताऱ्यानं अंगठा उचलला, पट स्वतःच मिटला आणि माझ्या हातात दिला.

"हे चांगलं हाय," तो उठता उठता म्हणाला. "आज आली हाय ते. उद्याचं तिच्या मनावर."